गाडी विकली, नाव मात्र आमचंच

परवा माळा आवरताना आमच्या पहिल्या गाडीची फाईल सापडली. पांढरी मारुती 800, एमएच-05. डोंबिवलीत त्या काळी बिल्डिंगखाली गाडी उभी असणं म्हणजे थोडी ऐट होती, म्हणून फाईलसुद्धा जपून ठेवलेली. शोरूमचं बिल, फॉर्म 21 म्हणजे विक्रीचा दाखला, फॉर्म 22 म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे असा कंपनीचा दाखला, विम्याची पॉलिसी, रोड टॅक्सची पावती, रेशन कार्डाची साक्षांकित झेरॉक्स, लाईट बिल, शोरूमचा गेट पास, आणि चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला तो ठसा. बायकोने कागद मोजले. एकतीस भरले.

बत्तिसावा कागद नव्हता, आणि सगळा घोळ त्याच्यामुळेच झाला.

2014 साली ती गाडी मी जुन्या गाड्यांच्या एका डीलरला विकली. नाव लिहीत नाही, त्यात आता काही अर्थ नाही. त्याने फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर सह्या घेतल्या. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. "साहेब, गिऱ्हाईक मिळालं की नाव टाकतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका." मी टेन्शन घेतलं नाही. 2019 मध्ये घरी ई-चलानाची नोटीस आली. गाडी नाशिक रस्त्यावर कुठेतरी सिग्नल तोडून गेली होती आणि सरकारच्या दप्तरी तिचा मालक अजून मीच होतो. डीलरचं दुकान बंद, फोन लागत नाही. दंड मी भरला. रक्कम किरकोळ होती, पण रात्री झोप लागली नाही. सिग्नलऐवजी माणूस उडवला असता तर?

म्हणून आज थोडा इतिहास लिहितोय. गाड्या विकणाऱ्यांवरचे कागदी नियम कमी करा, जुने काढून टाका, अशी चर्चा गेली काही वर्षं जोरात आहे. बरेच काढलेही. मी स्वतः त्या बाजूचा माणूस आहे, रांगेत उभं राहायची हौस कुणाला? पण कोणता कागद कशासाठी जन्माला आला हे न बघता कात्री चालवली की माझ्यासारखी गत होते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात साहेबाच्या राज्यापासून. मुंबई इलाख्याने मोटारींसाठी स्वतःचा कायदा केला तो 1904 साली. बंगालने त्याच्या आदल्या वर्षी केला होता. तेव्हा मोटार म्हणजे राजेरजवाडे, पारशी शेठ आणि गोरे अधिकारी. ठाण्यात ती दिसली की पोरं मागे धावायची म्हणे. मग 1914 मध्ये अख्ख्या देशाला लागू होणारा कायदा आला, 1939 मध्ये तो बदलून मोठा कायदा आला, आणि तो जवळजवळ पन्नास वर्षं चालला. आजचा कायदा 1988 चा, 1 जुलै 1989 पासून लागू.

पहिल्यापासून एक अडचण होती. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही, हा नियम. मग विकायची गाडी दुकानात आणायची कशी? गिऱ्हाईकाला चालवून दाखवायची कशी? रेल्वेच्या मालधक्क्यावरून शोरूमपर्यंत ती ढकलत न्यायची का? यावर तोडगा इंग्लंडने 1903 च्या मोटार कायद्यातच काढून ठेवला होता. कारखानदाराला आणि विक्रेत्याला वर्षाची फी घेऊन एक सर्वसाधारण नंबर द्यायचा, तो त्याने आपल्या ताब्यातल्या गाडीला लावायचा. आपल्याकडे त्याचंच रूप म्हणजे ट्रेड सर्टिफिकेट. शोरूमची ट्रायलची गाडी लाल पाटी लावून फिरते ना, ती यामुळे.

आता या सवलतीचा गैरवापर होणार हे उघड आहे. एकाच लाल पाटीवर डीलरचा मेहुणा लोणावळ्याला जाऊन येणार. म्हणून सरकारने वही लावली. 1989 च्या केंद्रीय नियमांतला 43 वा नियम मुळातून वाचण्यासारखा आहे. ट्रेड सर्टिफिकेट असलेल्या प्रत्येकाने फॉर्म 19 मध्ये रजिस्टर ठेवायचं, तेही दोन प्रतींत. रजिस्टर बांधीव हवं, पानांना क्रमांक हवेत. गाडी बाहेर काढायच्या आधी सगळे रकाने भरायचे, फक्त परत आल्याची वेळ सोडून. दुसरी प्रत ड्रायव्हरने खिशात ठेवायची, कुणी अधिकाऱ्याने मागितली तर दाखवायची. गाडी परत आली की वेळ लिहायची. प्रत्येक फेरीला हे असंच.

विचार करा, शनिवारी संध्याकाळी शोरूममध्ये पंधरा गिऱ्हाईकं ट्रायल मागतायत. कोण भरणार ती वही? मी ज्यांना ज्यांना विचारलं ते एकच सांगतात, महिन्याच्या शेवटी कुणीतरी एक पोरगा बसून अंदाजपंचे वेळा टाकायचा. वहीतल्या सगळ्या फेऱ्या कशा सुतासारख्या सरळ, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या. वही चोख होती, पण तिच्यात खरं काही नव्हतं.

त्यात सर्टिफिकेटची मुदत बारा महिने. दुचाकी, कार, टेम्पो अशा गाड्यांच्या प्रत्येक वर्गासाठी वेगळा अर्ज. म्हणजे दरवर्षी नवा फॉर्म 16, नवी फी, नव्या चकरा. डीलर या खर्चाचं काय करायचा ते तुम्हाला माहीत आहे, बिलात "हँडलिंग चार्जेस" नावाची एक ओळ असायची.

याच्या आधीचा एक काळ आजच्या तरुणांना सांगितला तर खोटा वाटतो. 1959 मध्ये केंद्र सरकारने मोटार कारच्या वितरण आणि विक्रीवर नियंत्रणाचा आदेश काढला. गाड्या कमी, मागणारे जास्त. मग डीलरने बुकिंगचं रजिस्टर ठेवायचं आणि त्या क्रमानेच गाडी द्यायची. पुढे सरकारने किमतीसुद्धा ठरवल्या आणि तो वाद प्रीमियर ऑटोमोबाईल्सने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. स्कूटरलाही असाच आदेश होता. पोस्टात ठेव ठेवायची, पासबुक तारण द्यायचं आणि वाट बघायची. आमच्या काकांनी स्कूटर बुक केली तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. नंबर लागला तेव्हा मुलगी शाळेत जात होती.

त्या काळातलं ते रजिस्टर मात्र फालतू नव्हतं. टंचाईच्या बाजारात सामान्य माणसाच्या हातात तेवढंच होतं. माझा नंबर अमुक, माझ्या पुढच्याला गाडी मिळाली मग मला का नाही, हे विचारायला त्याचाच आधार. काळा बाजार होताच, डीलरच्या ओळखीपाळखी होत्याच, पण वही होती म्हणून निदान भांडता यायचं. टंचाई संपल्यावर वही गेली आणि कुणी तिच्यासाठी रडलं नाही, तेही बरोबरच.

आणि ही टंचाई लांब कुठे दिल्लीत नव्हती, आपल्या अंगणात होती. वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेली प्रीमियर कंपनी कुर्ल्याला फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी बनवायची. तिचा दुसरा कारखाना आपल्या कल्याण-शीळ रस्त्यावर. नव्वदच्या दशकात फ्रेंच कंपनीबरोबर भागीदारी करून इथेच प्यूजो 309 जुळवली जात होती. डोंबिवलीत फ्रेंच गाडी! आम्ही तेव्हा नातेवाइकांना सांगायचो, तेही जरा छाती फुगवून. काही वर्षांतच कामगारांचे तंटे आणि पैशाची ओढाताण यांत तो डाव मोडला, आणि गाडीसाठी आगाऊ पैसे भरून बसलेले लोक हवालदिल झाले. आज ज्याला आपण प्रीमियर मैदान म्हणतो आणि जिथे निवडणुकीच्या सभा होतात, ते नाव तिथूनच आलंय. त्या वेळी लोकांकडे काय उरलं? बुकिंगची पावती. ज्यांनी ती सांभाळली त्यांना तक्रार करायला पुरावा होता.

आता आपल्या पिढीच्या आठवणीतली गोष्ट, नव्या गाडीचं पासिंग.

सीटवरचं प्लास्टिकही न काढलेली कोरी गाडी आधी इन्स्पेक्टरपुढे उभी करायची. तो बॉनेट उघडणार, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी ताडून बघणार, टिक करणार. दोन मिनिटांचं काम, पण त्यासाठी अर्धा दिवस उन्हात. बाहेर एजंट, झेरॉक्सवाला, लिंबू सरबतवाला. एका मोठ्या गावाचा बाजार त्या रांगेवर चालायचा.

हा नियम मूर्खपणाचा होता का? 1939 साली नव्हता. त्या काळात बऱ्याचदा नुसती चेसिस विकली जायची आणि तिच्यावरची बॉडी गावातला सुतार-लोहार बांधायचा. कुणी ट्रक करायचा, कुणी बस. एकाच कंपनीच्या दोन गाड्या एकसारख्या नसायच्या. ब्रेक लागतो का, दिवे आहेत का, रुंदी किती, हे सरकारच्या माणसाने डोळ्यांनी बघणं गरजेचंच होतं. बॉडी बांधलेल्या ट्रकला ते आजही गरजेचं आहे.

पण कारच्या बाबतीत ही तपासणी कधीच दुसरीकडे गेली होती. पुण्यात एआरएआय ही संस्था 1966 मध्ये सुरू झाली. 1989 च्या नियमांतला 126 वा नियम सांगतो की गाडीच्या प्रत्येक नव्या मॉडेलचा नमुना अशा मान्यताप्राप्त संस्थेने तपासून पास करायचा. नगरची व्हीआरडीई ही त्यातलीच दुसरी. ब्रेक, दिवे, धूर, सगळं तिथे यंत्रावर तपासलं जातं. म्हणजे गाडी पुण्यात किंवा नगरला एकदा कसून पास झाली, कंपनीने फॉर्म 22 वर लिहून दिलं, आणि तरी त्याच मॉडेलची प्रत्येक गाडी कल्याणच्या उन्हात पुन्हा उभी. तपासणी खरी पुण्यात व्हायची, रांग आपल्याकडे लागायची. हे तीस वर्षं चाललं!

शेवटी 2019 च्या दुरुस्तीने कायद्याचं 44 वं कलम बदललं. अधिकृत डीलरने विकलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी अधिकाऱ्यापुढे आणायची गरज नाही. नोंदणीचा अर्जही डीलरनेच करायचा. महाराष्ट्रात जून 2021 मध्ये शोरूममधूनच नोंदणीची सोय सुरू झाली. करोनाचे दिवस होते, त्यामुळे त्या बातमीकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. माझ्या भाच्याने त्यानंतर गाडी घेतली, तो आरटीओच्या दारात एकदाही गेला नाही. त्याला सांगितलं की आम्ही गाडी उन्हात उभी करायचो, तर तो विचारतो, "कशाला?" उत्तर द्यायला मला 1939 पर्यंत मागे जावं लागलं.

साक्षांकनाचंही तसंच. रेशन कार्डाच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही. ती सही मिळवायला कुणी शाळेच्या हेडमास्तरांकडे, कुणी ओळखीच्या डॉक्टरांकडे. त्या बिचाऱ्यांनी मूळ कार्ड कधी बघितलंच नाही. 2015 मध्ये राज्य सरकारने बहुतेक ठिकाणी साक्षांकनाऐवजी स्वतःचीच सही आणि प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र पुरेसं ठरवलं. काही बिघडलं का? माझ्या तरी ऐकण्यात नाही.

कागद वाढण्याचा आणखी एक रस्ता म्हणजे दुसरी खाती. गाडी ही मोठी खरेदी, त्यामुळे ज्याला कर गोळा करायचाय तो डीलरच्या दारात येऊन बसतो. ठाणे महापालिका 1982 ची, कल्याण-डोंबिवली 1983 ची. प्रत्येकाच्या वेशीवर जकात नाका. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली, महापालिकांची राहिली. म्हणजे कल्याणात जकात आणि पलीकडे बदलापुरात नाही. त्या काळात किती जणांना अचानक बदलापूरचे मामा आठवले, ते कमेंटमध्ये लिहायला हरकत नाही, आता कुणी वसुलीला येणार नाही. बाहेरच्या राज्यातून गाडी आणली तर 1987 च्या कायद्याने प्रवेश कर वेगळा. मग जकातीच्या जागी एलबीटी, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर हे सगळं एकदाचं निकालात निघालं. पण त्याच सुमारास आयकरवाले आत आले होते. कारच्या खरेदीला पॅन लागतोच, शिवाय जून 2016 पासून दहा लाखांवरच्या गाडीवर डीलरने एक टक्का कर गोळा करून भरायचा. एक दार बंद झालं की दुसरं उघडतं ते असं.

ट्रेड सर्टिफिकेटचा मोठा बदल आला सप्टेंबर 2022 च्या अधिसूचनेने, लागू 1 नोव्हेंबरपासून. मुदत एका वर्षाची पाच वर्षं झाली. सगळ्या प्रकारच्या गाड्यांसाठी एकच अर्ज, तोही वाहन पोर्टलवर, फीसुद्धा तिथेच. कार्यालयाने तीस दिवसांत हो किंवा नाही सांगायचं, नाही सांगितलं तर मंजूर धरायचं. या शेवटच्या कलमाला मी सर्वांत जास्त मार्क देईन. फॉर्म कमी करणं सोपं असतं. पण साहेबाच्या टेबलावर फाईल पडून राहिली तर नुकसान अर्जदाराऐवजी साहेबाचं होईल, अशी व्यवस्था करणं फार दुर्मिळ.

काही व्यापारी मित्र म्हणतात, हे सर्टिफिकेटच रद्द करा, कंपनीने डीलर नेमलाय ना, मग सरकारला काय घेणं? मला ते पटत नाही. 2025 मध्ये आपल्याच राज्यात ट्रेड सर्टिफिकेट नसताना इलेक्ट्रिक स्कूटरी विकणाऱ्या शोरूमवर परिवहन विभागाने कारवाई केली, ते आठवत असेल. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर असताना अपघात झाला तर जबाबदार कोण, या प्रश्नाला त्या कागदावर उत्तर असतं. दरवर्षीच्या चकरा फालतू होत्या, सर्टिफिकेट फालतू नव्हतं. दोन्हींची गल्लत करू नये.

आता माझ्या बत्तिसाव्या कागदाकडे येतो.

फॉर्म 29 म्हणजे मालकी बदलल्याची सूचना. कायद्याच्या 50 व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. ही रीत नवी नाही, 1939 च्या कायद्यातही होती. फॉर्मच्या माथ्यावरच बारीक अक्षरात लिहिलंय की तो दोन प्रतींत भरायचा आणि नोंद झाली की दुसरी प्रत कार्यालयाच्या शेऱ्यासह विकणाऱ्याला परत द्यायची. ती परत आलेली प्रत म्हणजे माझा बत्तिसावा कागद. गाडी माझ्या नावावरून उतरली याचा एकमेव पुरावा.

आणि बाजाराने नेमका हाच कागद मोडून टाकला. कोऱ्या फॉर्मवर सह्या घ्यायच्या, फाईलमध्ये ठेवायच्या आणि गाडी हातोहात फिरवायची. डीलरने स्वतःच्या नावावर करून घेतली तर फी जाते, आणि आरसीवर एक मालक वाढला की भाव पडतो. "सेकंड ओनर" आणि "थर्ड ओनर" यात किती हजारांचा फरक पडतो ते विचारून बघा. म्हणजे खोटेपणात त्याचा फायदा होता, आणि धोका पूर्ण माझा.

किती धोका, ते सर्वोच्च न्यायालयाच्या 6 फेब्रुवारी 2018 च्या निकालात दिसतं. एक गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली गेली. मग अपघात झाला. नुकसानभरपाई कुणी द्यायची? न्यायालयाने सांगितलं, नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक. अपघातग्रस्ताने खरा मालक शोधत दारोदार फिरावं अशी अपेक्षा करता येणार नाही. मला पहिल्यांदा वाचून राग आला. मग विचार केला, ज्याच्या घरातला माणूस गेलाय त्याच्या जागी मी असतो तर? निकाल बरोबरच आहे. चूक त्या कोऱ्या सहीची आहे.

गंमत अशी की नव्या गाडीच्या डीलरवर सरकारने सव्वाशे वर्षं कागदांचा पाऊस पाडला, आणि जुन्या गाडीचा डीलर या सगळ्यात जवळपास अदृश्य राहिला. त्याच्याकडे गुमास्ता लायसन्स असेल, तेवढंच. गाडी विकणारा आणि गाडी घेणारा असे दोघेच कायद्याला दिसायचे. मधला माणूस, ज्याच्या अंगणात महिनोन् महिने आपली गाडी उभी असते, तो नियमात नव्हताच.

तो आला डिसेंबर 2022 मध्ये, लागू 1 एप्रिल 2023 पासून. जुन्या गाड्यांच्या डीलरने पाच वर्षांचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की दोघांनी तशी सूचना पोर्टलवर द्यायची, आणि तिथून पुढची जबाबदारी डीलरची. डीलरला मालकी बदल, एनओसी, डुप्लिकेट आरसी यांचे अर्ज करायचा अधिकार मिळाला. आणि हो, त्याने एक वही ठेवायची. गाडी कशासाठी बाहेर काढली, कोण चालवत होतं, किती वाजता, किती किलोमीटर. फक्त ही वही आता कॉम्प्युटरवर. फॉर्म 19 ची बांधीव वही नव्या अंगरख्यात परत आलीय. शनिवारी संध्याकाळी ती कोण भरणार, हा माझा प्रश्न जुनाच आहे.

म्हणजे ज्या वर्षी नव्या गाडीवाल्यांचे कागद कमी झाले त्याच वर्षी जुन्या गाडीवाल्यांवर नवे कागद आले. काही जणांनी तेव्हा आरडाओरडा केला, एका हाताने काढता आणि दुसऱ्या हाताने घालता. मला यात विसंगती दिसत नाही. ताबा दिल्याची सूचना हा कागद 2014 साली असता तर नाशिक रस्त्याचं चलान माझ्या घरी आलं नसतं. ट्रिपची वही नसती तरी चाललं असतं. एकाच अधिसूचनेत एक फार कामाचा नियम आणि एक बहुधा पुन्हा अंदाजपंचे भरला जाणारा नियम, असे दोन्ही आहेत.

अजून काढायला बरंच काही शिल्लक आहे. बँकेचं कर्ज फिटल्यावर बोजा उतरवायला शिक्का मारलेला फॉर्म 35 घेऊन फिरणारे लोक मी बघतो. बँकेच्या कॉम्प्युटरला माहीत आहे कर्ज संपलं, सरकारच्या कॉम्प्युटरला गाडी माहीत आहे, आणि दोघांच्या मधे एक निवृत्त माणूस रिक्षाने फिरतोय. सगळं पोर्टलवर भरल्यावर त्याचीच प्रिंट काढून सही करून पुन्हा स्कॅन करून चढवायची, हाही एक विनोदच. आणि तो पेन्सिलचा ठसा. फोनने फोटो काढता येतो हे अजून कितीतरी ठिकाणी पोचलेलं नाही.

मागच्या महिन्यात मेहुण्याची गाडी विकायची होती. आम्ही दोन-तीन ठिकाणी फिरलो. प्रत्येक ठिकाणी मी आधी तेच विचारलं, "अधिकृत प्रमाणपत्र आहे का? दाखवा." पहिल्याने विचारलं, "कसलं?" दुसऱ्याने सांगितलं, अर्ज केलाय. तिसऱ्याने भिंतीवर फ्रेम करून लावलं होतं, गणपतीच्या फोटोशेजारी. भाव त्याने पाच हजार कमी दिला. गाडी त्यालाच दिली. त्याच्या काउंटरवर बसून ताबा दिल्याची नोंद होईपर्यंत उठलो नाही, पोचपावतीचा नंबर मोबाईलवर घेतला, मग चहा प्यालो.

तुमच्यापैकी कुणी गेल्या दोन-तीन वर्षांत ठाणे, कल्याण, डोंबिवली किंवा अंबरनाथच्या पट्ट्यात जुनी गाडी डीलरला दिली असेल तर कमेंटमध्ये लिहा. ताबा दिल्याची नोंद झाली का, की अजूनही कोऱ्या फॉर्मवर सही? डीलरचं नाव नको, अनुभव पुरे. आणि कुणाकडे प्रीमियरच्या किंवा स्कूटरच्या बुकिंगची जुनी पावती असेल तर तिचा फोटो जरूर टाका. नाव-पत्ता झाकून टाका.